छावणी आधी की गाव आधी? देवळाली कॅम्प, आणि तुमचं कुठलं?

कॅम्पातला_परीट

परवा ऑफिसात नवीन आलेल्या एकाने विचारलं गाव कुठलं, म्हटलं देवळाली कॅम्प. लगेच पुढचा प्रश्न, 'अच्छा, वडील आर्मीत होते का?' हे मी पंचवीस वर्षं ऐकतोय. नाही हो. आमच्या चार पिढ्यांत बंदूक कुणी हातात धरली नाही, कपडे मात्र अख्ख्या पलटणीचे धरले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नाशिकरोडपासून सात-आठ किलोमीटरवर आमचा कॅम्प. देवळाली गाव वेगळं, ते जुनं, नाशिकरोडला चिकटून. आणि नगरकडची देवळाली प्रवरा तर तिसरीच, तिकडची पत्रं लहानपणी आमच्याकडे यायची आणि पोस्टमन आम्हालाच झापायचा. इंग्रजांनी १८६१ मध्ये इथे छावणी टाकली. चारच वर्षांत, १८६५ ला, रेल्वे कसारा घाट चढून वर आली आणि मग काय, बोटीने मुंबईला उतरलेला गोरा शिपाई आधी देवळालीला यायचा, तिथून जिकडे नेमणूक तिकडे, आणि नोकरी संपलेला परत देवळालीला, बोटीची वाट बघत. म्हणजे एक भलीमोठी वेटिंग रूमच. एवढी माणसं बसून आहेत म्हटल्यावर दूध लागणार, पाव लागणार, न्हावी, शिंपी, मोची, भिश्ती सगळं लागणार. आणि कपडे धुवायला आम्ही.

पणजोबा सिन्नरकडचे. १८९९ च्या मोठ्या दुष्काळात बायको आणि एक गाढव घेऊन चालत आले म्हणतात (गाढवाचं नाव घरात अजून सांगतात, पणजीचं नाव कुणाला आठवत नाही, असो). धुणं दारणा नदीवर. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बिब्ब्याची खूण करायचे. बिब्ब्याला सुई टोचायची, सुईच्या टोकाला जे काळं तेल येतं त्याने कापडाच्या कोपऱ्यात ठिपके द्यायचे आणि वरून ओला चुना. ती खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. आजोबांनी पण हेच केलं, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बिब्बा उतून उतून कायमची काळी पडलेली होती, जेवताना भातावर ती बोटं फार उठून दिसायची.

आता बोलायचंय ते हे, की आमच्या गावाचं घड्याळ पहिल्यापासून छावणीच्या हातात आहे. तोफखान्याचं स्कूल १९४१ मध्ये काकूलहून (आता पाकिस्तानात) इकडे आलं, तेव्हापासून तोफा. सकाळी दूधवाला येऊन गेला की पहिला बार. आमच्याकडे फळीवर पितळी डबे, बार झाला की झाकणं थरथरायची आणि आम्ही पोरं झाकणांच्या आवाजावरून पैज लावायचो, एकशेतीसची तोफ की बोफोर्स. मुंबईचा पाहुणा दचकून उभा राहायचा आणि आजी शेवया वळता वळता नुसतं म्हणायची, 'बसा हो, आपलेच आहेत.'

आपलेच. पण रस्ता बंद करायचा म्हटलं की बंद, घरावर एक खोली चढवायची म्हटलं की कॅन्टोन्मेंट बोर्डाची (छावणीचा कारभार बघणारं मंडळ) परवानगी, आणि आता तर म्हणतात कॅन्टोन्मेंटच जाणार, वस्ती महापालिकेत टाकणार. तुमच्यापैकी कुणाचं गाव असं छावणीच्या कडेने वाढलेलं आहे का? लिहा की.

आणि एक मदत हवीय. घरात जुन्या जाड चादरीचा एक तुकडा सापडला, कोपऱ्यात बिब्ब्याचे तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. वडील सांगायचे गोऱ्यांच्या पलटणीची खूण आहे. कुठली पलटण असेल?

मोगरा७७

सुंदर लिहिलंय. वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दारणाकाठ

दादा लेख आवडला पण शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही परस्पर देऊन टाकलंत. छावणीच्या कडेने गाव वाढलं हे कॅम्पातल्या बाजारपेठेपुरतं खरं. आम्ही भगूरचे. भगूर छावणीमुळे झालेलं नाही, सावरकरांचा जन्म (२८ मे १८८३) आमच्याकडचा, आणि गाव त्याच्याही कितीतरी आधीचं. संसरी, बेलतगव्हाण, लहवित, शिंगवे बहुला ही सगळी नांगर धरणारी गावं. छावणी त्यांच्या शिवारात येऊन बसली. इंग्रजांच्या नकाशात ते माळरान असेल, आमच्या माणसांची ती चराई होती.

शिंगवे बहुलाचं उदाहरण घ्या. गाव कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत, शेती चालू, द्राक्षं आहेत ऊस आहे. रात्री मोटर चालू करायला निघालं की एका बाजूला लष्कराची तार आणि दुसऱ्या बाजूला उसात बिबट्या. माझी मामी म्हणते तारेपलीकडचा निदान विचारतो तरी, कोण आहे म्हणून.

कॅम्पातला_परीट

@दारणाकाठ ताई, मान्य. माझं म्हणणं आमच्या पेठेपुरतंच होतं. शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे एवढी दया करा.

लीड्सचा_गणू

इथे इंग्लंडात आल्यावर पहिल्या आठवड्यात आमची मॅनेजरबाई प्रिंटरला लाथ मारून म्हणाली की हा 'डूलॅली' झालाय. मी नाशिकचा, कान टवकारले. शब्द तुमचाच निघाला! मूळ रूप होतं डूलॅली टॅप. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप झालेला, म्हणजे डोकं फिरलेला.

लोक सांगतात तिथे वेड्यांचं मोठं हॉस्पिटल होतं म्हणून शब्द पडला. मला ते तितकंसं पटत नाही. खरी भानगड वाट बघण्याची होती. सैनिक नेणाऱ्या बोटी हिवाळ्याच्या हंगामातच, साधारण शरदापासून मार्चपर्यंत. एखाद्याची नोकरी उन्हाळ्याच्या तोंडावर संपली की तो अडकला, पुढची बोट पाऊस सरल्यावर. काम नाही, कवायत नाही, खिशात पगार, वर एप्रिल-मेचं ऊन, मलेरिया, दारू. कुणाचंही टाळकं सरकेल.

गंमत म्हणजे ज्या बाईने शब्द वापरला तिला हे गावाचं नाव आहे हेच माहीत नव्हतं. मी नकाशावर दाखवलं. तर म्हणे, 'छान दिसतंय की, तिथे वेडं का व्हायचं?'

कॅम्पातला_परीट

@गणू हा हा. आमच्याकडे ज्या हवेने गोरे वेडे झाले त्याच हवेसाठी मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक खास येऊन राहायचे. लॅम रोडला बंगले, आरोग्यभवनं, सॅनिटोरियमं उगाच नाहीत. क्षयाच्या पेशंटला कोरडी हवा मानवते म्हणून. एकाच गावात एकाला ताप आणि एकाला उतारा.

काका_ठाणेकर

माझे चुलत आजोबा कम्युनिस्ट होते, १९४१ च्या सुमारास त्यांना देवळालीच्या तुरुंगात डांबलेलं होतं, डांगे वगैरे मंडळी पण तिथेच. त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत याचं आश्चर्य वाटलं. बासष्टच्या युद्धानंतर चिनी वंशाच्या लोकांनाही तिथेच ठेवलं होतं ना?

लीड्सचा_गणू

काका, ती देवळी. राजस्थानातली, कोट्याच्या बाजूला. डांगे, जयप्रकाश तिथे होते आणि बासष्टचे चिनी लोकही तिथेच. एका अक्षराचा फरक आहे, खूप जणांचा घोळ होतो. देवळालीला दुसऱ्या महायुद्धात जर्मन नजरकैदी काही काळ होते, ते वेगळं.

काका_ठाणेकर

अरेच्चा. पन्नास वर्षं मी देवळाली स्टेशन आलं की गाडीतून हात जोडतोय.

मोगरा७७

काका 😂😂

कन्हानकाठ

आमची कामठी. नागपूरच्या बाजूला. १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, भोसले हरले, आणि १८२१ मध्ये कन्हानच्या काठी इंग्रजांची छावणी. शाळेत सांगायचे की कॅम्प-टी वरून कामठी नाव पडलं. खरंखोटं देव जाणे, पण पोरांना पटतं.

आमच्याकडे फौज मद्रासची असायची. त्यांच्या मागे तेलुगू तमिळ माणसं आली, ती राहिलीच. माझी लहानपणची अर्धी गल्ली घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात हिंदी आणि भांडण झालं की नागपुरी. आता गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे. भरतीच्या दिवसांत पहाटे पोरं चप्पल हातात घेऊन पळत असतात रस्त्याने, बाहेरगावची, रात्री दुकानांच्या फळ्यांवर झोपलेली. त्या दिवसांत पोहेवाल्याचा जो धंदा होतो तो दिवाळीत होत नाही बावा.

रेडझोनवासी

देहूरोड-तळवडे-निगडी पट्ट्यातला मी. तुमच्याकडे निदान तोफ वाजते तरी, कळतं की इथे काहीतरी आहे. आमच्याकडे दारूगोळ्याचा डेपो. काही दिसत नाही काही वाजत नाही, पण भोवती दोन हजार यार्डाचा रेड झोन, त्यात बांधकामाला बंदी. आणि घरं तर झालीयत हजारोंनी! लोकांनी गुंठा गुंठा घेऊन बांधली, विकणाऱ्याने सांगितलं नाही, घेणाऱ्याने विचारलं नाही, लाइट मिळाली, पाणी मिळालं, टॅक्सची पावती मिळाली. बँक मात्र कर्ज देत नाही. पावतीवर घर, नकाशावर रिकामी जागा.

माझे वडील १९९० च्या दशकात इथे आले. आजही दर निवडणुकीत रेड झोनची हद्द कमी करणार असं ऐकतो. नकाशा आला की सगळी आळी मोबाइल आडवा करून, झूम करून आपलं छप्पर शोधते.

एक चांगली गोष्ट पण सांगतो. डेपोत कामाला लागलेल्या माणसांमुळे देहूरोड वसलं. त्याच देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्तीची स्थापना केली, धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. माझी आजी त्या दिवशी गर्दीत होती. तिला भाषण आठवत नव्हतं, थंडी फार होती एवढंच सांगायची.

नगरी_मिरची

नगरचा भिंगार कॅम्प हजर! रणगाडे बघायचे असतील तर या, रणगाड्यांचं म्युझियम आहे १९९४ पासून. बाकी केके रेंजला (लष्कराचं गोळीबाराच्या सरावाचं मैदान) कधी किती जमीन जाणार यावर आमच्याकडच्या गावांची झोप अवलंबून असते. सविस्तर नंतर लिहितो, कांद्याची गाडी भरायचीय.

पुलगावची_सून

बराच वेळ लिहू की नको करत होते. माझं सासर वर्धा जिल्ह्यातलं, पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळचं एक खेडं. ३१ मे २०१६ च्या रात्री, एक वाजला असेल, आम्ही अंगणात झोपलेलो कारण उन्हाळा. आधी उजेड झाला. मला वाटलं गंजीला आग लागली. मग आवाज आला तो कानाला नाही, छातीला लागला. सासूबाईंनी म्हशीचं दावं सोडलं, आधी म्हैस, मग आम्ही. अनवाणी निघालो शेतातून. मागे वळून बघितलं की आभाळ लाल. आग विझवायला गेलेले जवान आणि अग्निशमनचे लोक गेले त्यात, बरेच. सकाळी परत आलो तर घराच्या भिंतीला तडा आणि चुलीवर रात्रीचं वरण तसंच झाकलेलं.

पण मला सांगायचंय ते दुसरं आहे. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८, सोनेगाव आबाजीच्या शिवारात निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा माणसं गेली. त्यात मजूर होते, आजूबाजूच्या गावचे. लोक टीव्हीवर विचारत होते, एवढं धोक्याचं काम गावकरी का करतात. अहो, का म्हणजे? कोरडवाहू कापूस, वेचणी संपत आली की हाताला काम नाही. आणि ह्या कामात रोज मिळतो तो शेतमजुरीपेक्षा बरा. वर मातीत पितळ, तांबं, लोखंड. ज्याच्या घरात भंगार येतं त्याच्या पोरीच्या लग्नात फ्रीज असतो. हे सगळं गावाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आमच्याकडे पोरगं रांगायला लागलं की पहिली शिकवण चूल नाही विहीर नाही. शेतात काही चकाकलं तर हात लावायचा नाही, ही.

मोगरा७७

वाचून सुन्न झाले. 🙏

माजी_सुभेदार

तोफखान्यात सव्वीस वर्षं, त्यातली पाच देवळालीला. मराठी टायपिंग कच्चं आहे, समजून घ्या.

दुसरी बाजू सांगतो. फायरिंगच्या आधी आम्ही गावात दवंडी देतो, नोटीस लावतो, लाल झेंडा लावतो, रस्त्यावर संत्री उभा करतो. तरी रेंजच्या आत म्हशी असतातच. एकदा तर सगळं तयार, तोफा भरलेल्या, आणि दुर्बिणीत बघतो तर टार्गेटच्या शेजारी एक म्हातारी शांतपणे शेण गोळा करतीय. फायरिंग थांबवून जीप पाठवली. ती जवानाला म्हणाली, 'पाटी भरू दे, मग वाजवा काय वाजवायचं ते.' पाटी भरली, जवानाने स्वतः जीपमध्ये ठेवली, मग तासाभराने फायर सुरू.

२०१८ च्या नोव्हेंबरात के-नाइन वज्र आणि एम-ट्रिपल-सेव्हन तोफा देवळालीलाच सैन्यात दाखल झाल्या. टीव्हीवर बघताना मंत्री आणि जनरल दिसले, मी मात्र मागे टेकडी शोधत होतो, खंडोबाची. बदलीची नोकरी, दोन-तीन वर्षांत बिस्तरा गुंडाळायचा. प्रत्येक ठिकाणी आपल्याला नावाने ओळखणारी माणसं तीनच असतात. न्हावी, शिंपी, धोबी. आम्ही गेलो तरी ती तिथेच राहतात. तुम्ही म्हणता गाव छावणीच्या जिवावर. मला उलट वाटायचं, की आम्ही तुमच्याकडे भाड्याने राहतोय.

बंगला_नंबर_विसरलो

भाड्याने तर आम्ही राहतोय साहेब. कॅन्टोन्मेंटमधल्या जुन्या बंगल्यांचा प्रकार लोकांना माहीत नसतो. ओल्ड ग्रँट म्हणतात. भिंती तुमच्या, छप्पर तुमचं, खालची जमीन सरकारची. सरकारने मनात आणलं तर नोटीस देऊन, बांधकामाचे पैसे देऊन जागा परत घेऊ शकतं. त्यामुळे झालंय काय, बंगला विकता येत नाही धड, पाडून नवा बांधता येत नाही, दुरुस्तीला अर्ज करा आणि वाट बघा. आमच्याकडे व्हरांड्याची कौलं बदलायचा अर्ज वडिलांनी केला होता, परवानगी आली तेव्हा वडील नव्हते आणि व्हरांडाही नव्हता.

आता कॅन्टोन्मेंट बरखास्तीबद्दल. २०२३ च्या एप्रिलमध्ये हिमाचलातलं योल पहिलं मोकळं झालं. महाराष्ट्रात सात, पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, नगर, औरंगाबाद, कामठी. बोर्डाच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ ला ठरल्या होत्या, त्या महिनाभर आधी रद्द. निवडून आलेला माणूस तर बोर्डावर त्याच्याही आधीपासून नव्हता. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

दारणाकाठ

आणि महापालिकेत गेलं की सुखच सुख असं समजू नका. एफएसआय (जागेवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) वाढेल, मजले चढतील, लॅम रोडची झाडं तेवढी मोजून ठेवा आत्ताच. आज कॅम्पात जी हिरवळ दिसते ती बंदीमुळेच टिकलीय.

बंगला_नंबर_विसरलो

ताई, झाडं बघायला तुम्ही भगूरहून येता आणि परत जाता. गळकं छप्पर माझ्या डोक्यावर आहे.

दारणाकाठ

बरं बाई. तुमचं छप्पर आधी, माझी झाडं नंतर.

बंगला_नंबर_विसरलो

बाई नाही, बुवा आहे मी 🙂

रेडझोनवासी

(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

ठिगळ

धागाकर्ते, तुमच्या चादरीबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. माझं माहेर परटाचंच, खडकीला. आई-आजी दोघी मिलिटरीचं धुणं घ्यायच्या.

तीन ठिपके आणि रेघ ही पलटणीची खूण नसावी. शिपायाच्या कपड्यावर त्याचा नंबर असायचा, तो सरकारी शिक्क्याने, आकड्यात. बिब्ब्याची खूण आम्ही आमच्यासाठी करायचो. घाटावर दहा घरांचं धुणं एकाच दोरीवर वाळतं, पावसाची सर आली की सगळं एका ढिगात गोळा करायचं, मग ते वेगळं कसं करणार? म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. आमची होती कावळ्याच्या पायासारखी, तीन रेघा. शेजारच्यांची नुसती फुली. गिऱ्हाइकाची खूण वेगळी, ती त्याच्या बाजूला. तुमच्या तुकड्यावर ठिपक्यांच्या शेजारी अजून बारीक काही आहे का बघा, उजेडात धरून. घरात कुणी मोठं असेल तर त्यांना दाखवा एकदा.

माजी_सुभेदार

बरोबर सांगताय ताई. नंबर असायचा. माझ्या बनियनवर अजून आहे.

नगरी_मिरची

कांदा भरून झाला. इथे तर पार इतिहास झाला की राव. केके रेंजचं उद्या.

कॅम्पातला_परीट

@ठिगळ ताई, तुमचं वाचून रात्रीच आत्याला फोटो पाठवला. आत्या ब्याऐंशी वर्षांची, वडिलांपेक्षा मोठी, लग्न होऊन इगतपुरीला गेली ती तिकडचीच. व्हॉट्सअप नातू लावून देतो. सकाळी सहाला तिचा फोन. म्हणे, ही गोऱ्यांची कुठली, ही तर आपली. आबा (माझे आजोबा) चादरीवर करायचे, घमेल्यावर करायचे, गाढवाच्या खोगिरावर पण केली होती. रेघ म्हणजे दोरी आणि वरचे तीन ठिपके तीन भाऊ.

मी म्हटलं पण आबांना तर दोनच भाऊ होते, म्हणजे आबा धरून तीन झाले. मग पणजोबांच्या वेळेस काय खूण होती? तर म्हणे तेव्हा नुसती रेघ असेल, मला काय माहीत, मी काय तेव्हा होते का, आणि तू जेवलास का.

शेजारी बारीक अजून एक खूण आहे, तुम्ही म्हणालात तशी. पुसट, इंग्रजी आकड्यांसारखी, शेवटचा बहुतेक चार. भिंगातून फोटो काढून उद्या टाकतो.